तेलबियांचं काम

लोक विचारतात, या धंद्यात कशी पडलीस. विचारताना डोळे मिचकावतात आणि उत्तर ऐकण्याआधीच होळीवरचा एखादा विनोद करून मोकळे होतात. मी भांगेचं पीक घेते. रीतसर परवाना काढून, उत्तराखंडात, डेहराडूनच्या पुढे डोंगरात, आणि तेही नशा जवळजवळ नसलेल्या जातीचं. बियांचं तेल काढते, पीठ करते, खोडाच्या सालीचं सूत करते. नातेवाइकांत मात्र माझी ओळख एका वाक्यात आटोपते: पोरगी शिकली-सवरली आणि भांग विकायला लागली. पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाला समजावत बसायचे. आता ‘हो, विकते, किती देऊ?’ एवढंच म्हणते. समोरचा विषय बदलतो.

एका माणसाला मात्र मी खरं सांगितलं नव्हतं. बाबांना. ते सौदीत, यान्बूला. मी इकडे. फोनवर ‘तेलबियांचं काम’ म्हणून मी वेळ मारून नेत असे. ते खोटं नव्हतं. बी असते, तेल निघतं. बाबा विचारत, जवस का? मी म्हणे, तसंच काहीसं. मग ते पावसाचं विचारत आणि विषय मिटे.

गेल्या वर्षी बाबांच्या कंपनीने आणखी मुदतवाढ द्यायची नाही असं ठरवलं. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला, फायनल एक्झिटची तारीख लागली. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि नाशिकच्या बंद फ्लॅटमध्ये त्यांनी एकट्याने राहावं असं मला वाटत नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे या. ते फारसे आढेवेढे न घेता हो म्हणाले. फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की माझ्या घराच्या खिडकीतून पुरुषभर उंचीची भांग दिसते.

तेव्हा सांगायचं तर समोर बसून, आणि ते निघायच्या आधी. आवराआवरीला मदत करायला म्हणून मी आठ दिवस यान्बूला जायचं ठरवलं.

जाण्याची तयारी ही एक गंमतच होती. माझ्या कपड्यांच्या शिवणीत, बुटांच्या खाचांत, पर्सच्या तळाशी कुठे ना कुठे बी असतेच. सौदीत त्या एका बीपायी काय होऊ शकतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी बाजारात जाऊन बॅगेपासून कंगव्यापर्यंत सगळं नवं घेतलं. दुकानदाराने विचारलं, घरात लग्न आहे का. ती खरेदी घरी न नेता मी मैत्रिणीकडे बॅग भरली, तिच्याकडेच आंघोळ केली आणि नव्या कपड्यांत थेट विमानतळावर गेले. फोनमधले शेताचे सगळे फोटो काढून टाकले. पाच वर्षांच्या मेहनतीचा एक पुरावा जवळ न ठेवता मी बाबांना पटवायला निघाले होते.

यान्बूत उतरल्यावर पहिला श्वास घेतला तो ओळखीचा होता. खारा, दमट, आणि त्यात गंधकाचा किंचित वास. हा वास लोकांना नकोसा वाटतो. मला तो आला की शाळेचा डबा आठवतो. मी चार वर्षांची असताना आम्ही तिथे गेलो आणि बारावीपर्यंत मी तिथेच होते. रुंद रस्ते, दुभाजकावर खजुराची झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याशी पाण्याची बारीक नळी. बाल्कनीतून रिफायनरीची ज्योत दिसायची. आई नव्या पाहुण्यांना पत्ता सांगताना म्हणायची, ज्योत उजव्या हाताला ठेवा आणि सरळ या. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. गुरुवारी संध्याकाळी बाजारात गेलो की नेमकी अजान व्हायची, दुकानांची शटर खाली यायची आणि आम्ही तिघं बंद दुकानाबाहेर पायरीवर बसून शेंगदाणे खायचो. माझ्या लहानपणी आम्ही तिघं निवांत बसलोय असं आठवायला गेलं, की त्या पायऱ्याच आठवतात.

शाळेत मल्याळी, हैदराबादी, पंजाबी मुलं. बोलणं हिंदी-इंग्रजीत. तीच भाषा तोंडात बसून घरी यायची. आई त्यावर चिडत नसे. मी हिंदीत काही मागितलं की ती शांतपणे कणीक मळत राहायची आणि म्हणायची, मराठीत मागितलंस तर मला ऐकू येईल. माझी मराठी टिकली ती त्या बहिरेपणामुळे.

बाबा प्लँटवर इन्स्पेक्शन इंजिनियर होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट शोधायची आणि ती कागदावर लिहायची. हा स्वभाव ऑफिसात ठेवून घरी येत नाही. भाजीवाल्याचा काटा, माझ्या वहीचा समास, आईच्या कुकरची शिट्टी, सगळं तपासून व्हायचं. घरातला नळ गळायला लागला तर कंपनीचा प्लंबर बोलवायचा नाही. गावात मूळच्या दापोलीच्या एका चाचांचं हार्डवेअरचं दुकान होतं. तिथून सांध्याला फासायचा सफेदा आणि धागा आणायचा आणि सकाळी न्हाणीघरात बूड टेकायचं. धागा म्हणजे सोनेरी, केसांसारख्या लांब तंतूंची जुडी. नळाच्या आट्यांवर ती गुंडाळायचं काम माझं. कमी झाली तर पाणी गळतं, जास्त झाली तर फिटिंग फुटतं. चाचांनी हे मला तीनदा सांगितलं होतं आणि बाबांनी तीसदा. कोरडा असताना तो धागा नुसता बसून असतो. पाणी लागलं की फुगतो आणि गळती थांबते. मला याचं फार नवल वाटायचं. हा कुठल्या झाडाचा, मी विचारलं. बाबा म्हणाले, असेल कुठल्यातरी झाडाच्या सालीचा. ज्या माणसाला प्रत्येक नटबोल्टाचं पोलाद माहीत, त्याला हे माहीत नाही, याचा मला मनातून आनंद झाला होता.

धंद्याचं मूळ विचारणाऱ्यांना मी हे न्हाणीघर सांगते. पुढे बाबांना हवं असलेलं केमिकल सोडून मी इचलकरंजीला टेक्स्टाइल घेतलं, आणि त्यातही कापूस सोडून सालीच्या तंतूंच्या मागे लागले. नोकरी लागली त्या गिरणीने मला उत्तराखंडातल्या एका खेड्यात पाठवलं. तिथे बायका अंगणात बसून भिजवलेली खोडं सोलत होत्या आणि सालीची दोरी वळत होत्या. ती दोरी हातात घेतली आणि मला यान्बूचा नळ आठवला. दुपारी जेवताना पानात एक करडी, भाजल्या वासाची चटणी होती. फार चांगली लागली. कशाची, मी विचारलं. आपण तिळाची म्हणतो तितक्या सहज त्या म्हणाल्या, भांगेच्या बियांची, ही खोडंही तिचीच.

माझा घास तोंडातच राहिला. त्या बायका हसल्या, शहरातली बाई घाबरली म्हणून. त्यांना काय माहीत, मी चटणीला नव्हे, एका जुन्या दिवसाला घाबरले होते.

तो दिवस मी बारा वर्षांची असतानाचा. त्या साली अधिक श्रावण आला होता आणि तो सौदीतल्या आमच्या जुलै-ऑगस्टच्या उन्हाळी सुट्टीत पडला. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. बाबा इतकी वर्षं परदेशात, त्यामुळे आईच्या माहेरी ही हौस राहून गेली होती. मामीने दोन दिवस खपून अनारसे केले. पातळ, जाळीदार, एका अंगाला खसखस लावलेले. चांदीच्या नाण्यासकट ताट बाबांच्या पुढे आलं तेव्हा ते लाजले होते. बाबांना लाजताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

खसखस सौदीत चालत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिथे ती अफूचीच बी. परतताना आई सगळ्या पुड्या उघडून बघायची, गोडा मसालासुद्धा मामीकडून खसखस वगळून करून घ्यायची. उरलेले अनारसे तिने डब्यात घालून मामीकडे परत दिले. देताना तिने डब्याचं झाकण जरा जास्त वेळ धरून ठेवलं, ते मी पाहिलं. आणि मला एक शहाणपण सुचलं. खसखस वरच्या बाजूलाच असते ना? मग ती खरवडून टाकली की झालं. मी आठ अनारसे उचलले, माजघरात बसून लोण्याच्या सुरीने एकेक खरवडला, फुंकर मारून स्वच्छ केला, सगळ्यांची वर्तमानपत्रात पुडी बांधली आणि ती आईने भरून ठेवलेल्या बॅगेत, बाबांच्या शर्टांखाली सरकवली. यान्बूला पोचल्यावर ताटलीत मांडून दोघांना चकित करायचं, असा माझा बेत होता.

अनारशाला जाळी असते. दाणे वर चिकटतात तसे आतही जाऊन बसतात, हे अनारसे खाणाऱ्या मुलीच्या लक्षात यायला हवं होतं.

जेद्दाच्या विमानतळावर सकाळी कस्टमवाल्याने ती पुडी उलगडली. स्टीलच्या टेबलावर अनारशांचा चुरा पडला आणि त्यात बारीक करडे दाणे. त्याने बोटाने एक दाणा उचलला, शेजारच्याला दाखवला. शेजारच्याने तिसऱ्याला बोलावलं. बाबांना अरबी कामापुरती येत असे. ते काही सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण दाण्यांकडे बघून त्यांनाही कळलं होतं. त्यांना एका खोलीत नेलं. दार बंद झालं. आई आणि मी बाहेर बाकावर. पाच तास. आईने अबायाच्या बाहीत दोन्ही हात आखडून घेतले होते. तिने मला एकदाच विचारलं, तू? मी मान डोलावली. त्यानंतर ती फक्त मला पाणी पाजत राहिली.

कंपनीचा एक माणूस आला, मग कस्टमचा एक वरचा अधिकारी आला. त्याने बाबांकडून एका अरबी कागदावर सही करून घेतली, अनारसे कचऱ्यात टाकले आणि म्हणाला, खलास, यल्ला, म्हणजे संपलं, निघा. त्याच्या मनात आलं असतं तर गोष्ट तिथे संपली नसती. बाबांचा इकामा, नोकरी, माझी शाळा, घरातली पातेली, सगळं त्या टेबलावर होतं.

कंपनीच्या गाडीतून आम्ही यान्बूला निघालो. ड्रायव्हर पठाण होता, त्याला मराठी येत नव्हती. तासाभराने, वाटेवरचं थुवाल गाव मागे पडल्यावर बाबांनी समोर बघतच विचारलं, कोणी ठेवले होते? मी तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, मी.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी पोचल्यावर आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हे कधीही बोलायचं नाही असं बजावलं. मी ऐकलं. बारा वर्षांच्या मुलीला गप्प राहायला सांगणं म्हणजे सुटकाच करणं. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. हे लिहिताना मला माझाच राग येतो, पण खरं आहे ते आहे.

तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक बॅग बाबा भरत. यादी करून, यादीवर खुणा करून, झाकणाच्या आत ती यादी चिकटवून. आई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालून द्यायची. आत ठेवायचे बाबा. पाहुणे कौतुक करायचे, किती मदत करतात हो. आई हसायची.

गेल्या वर्षी मी पोचले तेव्हा हॉलमध्ये अशाच तीन बॅगा यादीसकट तयार होत्या. चौथी रिकामी होती, रोजच्या कपड्यांची, शेवटी भरायची. मी भांडी गुंडाळली, पडदे काढले, आईचे उरलेले कपडे शेजारच्या बाईंना दिले. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगू, आणि रोज काहीतरी काम निघायचं. निघायच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर उन्हं जरा उतरली तेव्हा बाबांना घेऊन मी समुद्राकाठी गेले. बाकावर बसलो. पलीकडे एक कुटुंब चटई टाकून चहा पीत होतं. मी सांगून टाकलं.

बाबांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मराठीत बोललेलं तिथे कोणाला कळणार होतं? तरी त्यांनी हाताने आवाज कमी करायची खूण केली. मग इन्स्पेक्शन सुरू झालं. जात कुठली, बी कोण देतं, नशेचं प्रमाण किती, ते कोण तपासतं. मी सांगितलं, सरकारी माणूस येतो, नमुना नेतो. नमुना तो निवडतो की तू दाखवतेस? तो निवडतो. प्रमाण वर गेलं तर? तर उभं पीक जाळायचं. कधी गेलंय? एकदा. दोन वर्षांपूर्वी वरचा तुकडा मर्यादेच्या जरासा पुढे गेला होता. मग? मी स्वतः काडी लावली, बाबा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, जिंकलं. माझी बँकेने परत केलेली फाइल, नाव ऐकून माल न उचलणारे कुरियरवाले, भाड्याची जागा दोनदा सोडायला लागणं, हे सगळं मी भराभर सांगत गेले आणि ते ऐकत गेले.

मग ते म्हणाले, त्यांची हरकत नाही, धंदा कायद्यातला आहे आणि मी तो नीट करते आहे असं दिसतंय. पण ते माझ्याकडे राहायला येणार नाहीत. नाशिकचा फ्लॅट झाडून घेतील.

का, मी विचारलं.

“एका पुडीपायी मी पाच तास त्या खोलीत बसलो होतो. तुम्हा दोघींचं काय होईल एवढंच डोक्यात होतं. तुझ्या आईला सगळं माहीत असून तिने ते केलं. धोका कळायचाच नाही तिला.” ते थांबले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “तू आईवर गेलीस.”

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. चार दिवस नाशिकला राहून, हट्ट करून, रडून मी त्यांना आणलंच असतं. त्यांना माझा हट्ट मोडता येत नाही. आणि बोलले तर त्यांच्या लेखी मीच ती धोका न कळणारी, आणि वर खोटारडी. तेलबियांचं पाच वर्षांचं खोटं तर होतंच, त्यात हे बावीस वर्षांचं. पण आईवर गेलीस हे ज्या अर्थाने ते म्हणाले, तो अर्थ मला सोसला नाही. आई मसाल्याची पुडीसुद्धा उन्हात धरून बघणारी बाई होती.

मी म्हटलं, “बाबा, ते अनारसे मी ठेवले होते. आईला माहीतही नव्हतं.”

त्यांना चटकन कळलं नाही. मी सुरी, वर्तमानपत्र, शर्टांची घडी, सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा रागीट होईल म्हणून मी वाट बघत होते. तो झाला नाही. ते गोंधळले. इतक्या वर्षांत मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं नव्हतं.

“मग ती मी म्हणून का म्हणाली?”

“मला म्हणाली, ते माझ्यावर रागावतील आणि आठ दिवसांत विसरतील. तुझ्यावर रागावले तर त्यांनाच ते सहन होणार नाही.”

“आठ दिवस,” बाबा म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. “पुण्याला ऑपरेशनला निघाली तेव्हा म्हणाली, आज माझी बॅग मला भरू द्या. मी हो म्हटलं. आणि ती भरून झाल्यावर तिच्यासमोर सगळी उपसून बघितली.”

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो काढून घेतला. माझ्यावर रागावून काढून घेतला, हे मला स्पष्ट कळलं, आणि तसंच व्हायला हवं होतं. पलीकडचं कुटुंब चटई गुंडाळून गेलं. आम्ही घरी आलो, वरण-भात खाल्ला.

सकाळी मी उठले तेव्हा ते हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. चौथी बॅग समोरच्या पलंगावर उघडी होती, शेजारी कपड्यांचा ढीग, आणि यादी कुठेच नव्हती. मी दारात उभी राहिले.

“तू भर,” ते खुर्चीतूनच म्हणाले.

मी भरली. घड्या वाकड्या झाल्या. झाकण उघडं ठेवूनच मी त्यांना बोलावलं, एकदा नजर टाका म्हणून. ते उठून आले. आत न बघता त्यांनी झाकण लावलं, चेन ओढली आणि मग काहीतरी आठवून ती अर्धी उघडली.

“स्वेटर वर ठेवलास ना?” त्यांनी विचारलं. “तुमच्या डोंगरात थंडी असेल.”